पारबतीच्या लुगड्याच्या छप्पन गाठी

मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वतीची मातीची जोडमूर्ती, मांडली होती. पोट्ट्या टिपऱ्या घेऊन गोल उभ्या, आणि वेड्याच्या बायकोचं गाणं सुरू होतं. वेड्याच्या बायकोनं लाडू केले, तिकडून वेडा आला, चेंडू चेंडू म्हणून खेळायला घेतले, सगळ्या खिदळून राहिल्या. मग शेवटचं कडवं आलं. बायको पलंगावर झोपली होती, वेड्यानं डोकावून पाहिलं, मेली मेली म्हणून जाळून टाकली. तेही त्याच चालीत, त्याच हसण्यात. आणि तिसरीतल्या एका पोट्टीनं टिपऱ्या खाली केल्या न् म्हणाली, काकू, लाडवाचं समजलं, पण बायकोला जाळलं काऊन? ती तर झोपली होती ना.

आम्ही चार-पाच काकवा एकमेकींकडे पाहत राहिलो. कोणीतरी म्हटलं अगं गाणं आहे ते, म्हण पुढे. पुढे म्हटलंही, खिरापत ओळखायचा खेळ झाला, डबे हलवून झाले, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. तीस-पस्तीस वर्षं हे गाणं मी म्हणते आहे आणि मला एकदाही हा प्रश्न पडला नाही म्हणजे कमालच. तेव्हापासून आपल्याकडच्या या सणांच्या गाण्यांबद्दल जे काही वाचलं, आजीकडून ऐकलेलं आठवलं, ते सोप्या भाषेत इथे मांडते.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. लोकगीताला ओरिजिनल नावाची भानगडच नसते. फिल्मी गाण्याची एक रेकॉर्ड असते, शब्द चुकला तर चुकला. इथे उमरेडची बाई एक म्हणेल, काटोलची दुसरं, पुण्याची भोंडल्यात तिसरंच, आणि तिघी बरोबर. लिहिणारी कोणी एक नाही, पिढ्यान् पिढ्या बायांनी गाता गाता दगड नदीत गुळगुळीत व्हावा तशी ती झालेली, ज्या ओळीत दम नव्हता ती आपोआप गळून गेली. त्यामुळे अर्थ शोधायचा तर कवीला काय म्हणायचं होतं हे विचारून उपयोग नाही, ही ओळ इतकी वर्षं टिकली काऊन हे विचारायचं. आणि ही परंपरा जुनी म्हणजे किती जुनी, तर चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात, जो साधारण ११३० च्या आसपासचा आहे, त्यात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. जवळपास नऊशे वर्षं झाली. आपल्या काळात गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या तर आकडा लाखावर गेला.

आता आपल्या नागपूरकडचं कॅलेंडर पाहा. नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारला गाड्या भरभरून जातात, डोंगर चढताना महादेवाची गाणी. मग श्रावण अमावस्येला पोळा. दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांचा तान्हा पोळा, लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरायचं, आणि त्याच दिवशी नागपूरच्या इतवारीत मारबत, म्हणजे ईडा-पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. तिथून पंधरा दिवसांनी भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते ती थेट कोजागिरीपर्यंत. जेमतेम अडीच महिने, आणि मारबत सोडली तर सगळीकडे एकच जोडपं आहे, महादेव आणि पारबती. पण हा महादेव पोथीतला नाही. तो रुसतो, पैशाच्या तंगीत असतो, बायकोशी भांडतो, एकदम आपल्या शेजारच्या घरातला माणूस वाटतो. हे काऊन असं आहे ते पोळ्याच्या झडतीत सगळ्यात चांगलं दिसते.

ज्यांनी गावचा पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि त्यांना चक्क आमंत्रण देतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून, झुली टाकून सगळे बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभे करतात. तोरण तुटलं की पोळा फुटला. पण तुटायच्या आधी जो वेळ असतो ना, त्यात झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवून मोठ्यानं म्हणायचा तुकडा, शेवटी एकानं "एक नमन गौरा पारबती" म्हणायचं आणि बाकीच्यांनी "हर बोला हर हर महादेव" अशी आरोळी ठोकायची. त्यात टवाळीच्या झडत्या असतात, आभाळ गडगडे शिंग फडफडे म्हणत समोरच्याच्या माय-बापापर्यंत जाणाऱ्या, त्याचं कोणी मनावर घेत नाही. पण मधेच एक अशी येते:

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी,
महादेव रडे दोन पैशासाठी,
पारबतीच्या लुगड्याले छप्पन गाठी,
देव कवा धावला गरिबासाठी.

हळू वाचा. खोबऱ्याच्या वाटीचा पुढच्या ओळींशी काही संबंध नाही, ती नुसती यमकाची खुंटी आहे, तिला पुढचं सगळं टांगायचं. दोन पैसे म्हणजे आजचे दोन पैसे समजू नका. १९५७ मध्ये नवे पैसे आले, त्याच्या आधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. दोन पैसे म्हणजे अर्धा आणा. तेवढ्यासाठी देव रडून राहिला आहे. आणि छप्पन गाठी, तर लुगडं जिथे फाटलं तिथे दोन टोकं धरून गाठ मारायची आणि तीच बाजू निऱ्यांत लपवून नेसायचं, माझ्या आजीनं हे केलेलं होतं, ती सांगायची की गाठ नेमकी बसायला टेकलं की टोचते. छप्पनच काऊन? मला वाटते यात एक चिमटा आहे. देवळातल्या देवाला छप्पन भोग असतात, इथल्या देवीच्या अंगावर छप्पन गाठी.

आणि चौथी ओळ तर सरळ देवावरच फिरते, आणि ती म्हणून झाल्यावर लगेच त्याच देवाचा जयजयकार. मला आधी हे विसंगत वाटायचं. मग लक्षात आलं की हे म्हटलं कुठे जायचं ते पाहिलं पाहिजे. समोर तोरणाचा मानकरी उभा, ज्याच्याकडून बियाण्याला पैसे घेतले तो सावकारही तिथेच कुठेतरी उभा. मी नागवला गेलो, माझ्या बायकोच्या अंगावर धड कापड नाही, हे त्यांच्या तोंडावर कोण म्हणेल? म्हटलं तर पुढच्या पेरणीला दारात उभं करणार नाहीत. पण महादेव गरीब आहे म्हटलं तर रागावणार कोण? महादेवाची गरिबी तर पुराणातच आहे, भस्म लावून फिरणारा, राहायला स्मशान. आजी म्हणायची, "अवो माय, थे पारबतीचं थोडीच हाय, थे आपलंच हाय. नाव तेवढं तिचं." मला सगळ्या पुस्तकांपेक्षा हे जास्त पटलं. आता त्याच साच्यात कापसाचा भाव येते, कर्जमाफी येते, साचा तसाच.

मारबतीबद्दल थोडक्यात, कारण ते गाणं नाही, नुसती आरोळी आहे, पण कामाची आहे. गावाकडे पोळ्याला दारात पळसाच्या डहाळ्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात, दुसऱ्या दिवशी पहाटे ते गावाबाहेर नेऊन टाकताना ओरडायचं, ईडा पिडा, राई रोग, खासी खोकला घेऊन जा गे मारबत. नागपुरात याची भलीमोठी मिरवणूक झाली, काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची असं मानतात. काळी मारबत म्हणजे कोणी पूतना म्हणते आणि कोणी बांकाबाई भोसले. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी लहानग्या तिसऱ्या रघुजी भोसल्यांना नागपूरच्या गादीवर बसवलं, त्यांच्या वतीनं वाड्यातला कारभार पाहणारी ही म्हातारी, ती इंग्रजांच्या बाजूनं गेली म्हणून लोकांचा राग. १८५३ मध्ये ते रघुजी वारसाशिवाय गेले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. म्हातारीची स्वतःची काही बाजू असेलच, पण मिरवणुकीला बाजू वगैरे नसते, तिला एक पुतळा लागतो. गंमत त्या आरोळीत आहे. "अमकं घेऊन जा गे मारबत", यात अमकंची जागा रिकामी आहे. आधी खोकला होता, मग इंग्रज आले, महागाई आली, भ्रष्टाचार आला, कोरोनाच्या वर्षी कोरोना आला. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, तर दरवर्षी नवे पुढारी. फॉर्म छापून ठेवला आहे, फक्त नाव भरायचं.

तर आता भुलाबाई. पश्चिमेकडे भोंडला किंवा हादगा, तिथे पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. खानदेशात गुलाबाई. आपल्याकडे शंकर-पार्वतीची मातीची जोडमूर्ती, मांडीवर गणोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. शंकराला म्हणायचं भुलोजी. गोष्ट अशी सांगतात की सारीपाटात महादेव हरला आणि रुसून निघून गेला, मग पार्वतीनं भिल्लिणीचं रूप घेतलं, त्याच्यासमोर नाचली, आणि तो भुलला. भुलला तो भुलोजी, भुलवणारी भुलाबाई. म्हणजे नवऱ्याला घरी आणायचं काम बायकोचं, हेही त्यात आलंच, पण निदान या गोष्टीत हरलेला आणि रुसलेला तो आहे, हे मला आवडते.

यातली सगळी गाणी दुःखी नाहीत हां. काही शुद्ध खेळ आहेत. अडकित जाऊ खिडकीत जाऊ, खिडकीत होता बत्ता, भुलोजीला लेक झाला नाव ठेवा दत्ता. बत्ता-दत्ता, ताम्हण-वामन, पाहिजे तितकं लांबवा. मागच्या वर्षी आमच्या पोट्ट्यांनी "खिडकीत होता कूलर" असं सुरू केलं आणि सगळ्या अडकल्या, कूलरला यमक काय? मग एक छोटी ओरडली, नाव ठेवा भुलर! भुलोजीचा पोरगा भुलर. हसून हसून पुरेवाट झाली आणि मला वाटते पुढल्या वर्षी भुलर येणारच, नागपुरात खिडकीत कूलर नसेल तर काय असेल? लोकगीत जन्मताना असंच दिसत असेल.

साखळीचं गाणंही तसंच, अक्कण माती चिक्कण माती. मातीत खळगा खणायचा, खळग्यात जातं रोवायचं, जात्यात सपीट दळायचं, सपिटाच्या करंज्या करायच्या, असं करत करत माहेरपर्यंत जायचं. आधीच्या ओळीतली वस्तू पुढच्या ओळीचं दार उघडते, त्यामुळे वही न लागता पाच वर्षांच्या पोरीला सगळं पाठ. आणि पाठ झालं की पोहोचते कुठे, तर असं माहेर सुरेख बाई खेळाया मिळतं, असं सासर द्वाड बाई कोंडून मारितं. कोंडून मारितं! मातीपासून सुरू झालेलं गाणं इतक्या गोड चालीत तिथे आणून सोडते.

इथे वय लक्षात घेतलं पाहिजे. ही गाणी ज्या काळात बनली तेव्हा सासरवाशीण म्हणजे पंचवीस वर्षांची बाई नव्हे, आठ-नऊ-दहा वर्षांची पोर. मुलीचं लग्नाचं वय निदान चौदा पाहिजे असं कायद्यानं १९२९ मध्ये सांगितलं, आपण ज्याला शारदा कायदा म्हणतो. म्हणजे टिपऱ्या खेळायचं वय आणि सासूच्या हाताखाली राबायचं वय एकच होतं. म्हणून चाल खेळातली आहे आणि शब्द घरातले आहेत. शिंक्यावरचं लोणी घ्या. नणंद-भावजय दोघीच घरात, लोणी खाल्लं कोणी, तर वहिनीनं, आणि नणंद भावाला सांगते तुझी बायको चोरटी, घे काठी लगाव पाठी. खरं लोणी कोणी खाल्लं हे गाण्यात शेवटपर्यंत कळत नाही. दोघींपैकी एक घरची आणि एक बाहेरून आलेली, एवढ्यावरच निकाल लागला. आणि ही पोर आज काठी खाणारी असली तरी स्वतःच्या माहेरी ती नणंदच आहे, तिकडे तीच कोणाच्या पाठीवर काठी घालायला लावत असेल. गाताना दोन्ही भूमिका तिच्या तोंडी येतात.

आणि वेड्याचं गाणं. त्याचं ध्रुपद आठवा: श्रीकांता कमलकांता असं कसं झालं, असं कसं वेडं माझ्या नशिबी आलं. माझ्या नशिबी. म्हणजे गाणारी ती स्वतः आहे, वेड्याची बायको. मुलगा कसा आहे हे न पाहता, न सांगता लग्न लावून दिलेली पोर, आणि तक्रार कोणाकडे, तर देवाकडे, कारण बापाचं नाव घेता येत नाही आणि सासरच्यांचं तर नाहीच. आधी लाडू, मग असेच एकेक पदार्थ, प्रत्येक वेळी तिनं केलेलं काहीतरी तो वाया घालवते आणि आपण हसतो. मग शेवटी वाया जायची पाळी तिचीच. आणि जाळून टाकल्यावर ध्रुपद पुन्हा येते. माझ्या नशिबी आलं. आता हे कोण म्हणून राहिलं? ती तर गेली. तीस-पस्तीस वर्षं गाताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि हात तसेच थांबले.

त्या पोट्टीला दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं. फार नाही सांगितलं, एवढंच की पूर्वी छोट्या मुलींची लग्नं न विचारता करायचे, आणि त्यांना राग आला तर सांगायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी गाण्यात सांगून ठेवलं. तिनं विचारलं, मग हसतो कशाला? मी म्हटलं, हसत म्हटलं म्हणून तर कोणी बंद नाही केलं. तिला पटलं का माहीत नाही, टिपऱ्या घेऊन पळाली. ग्रुपवर एका मैत्रिणीचं म्हणणं पडलं की ते शेवटचं कडवं काढूनच टाकू, लहान मुलींना कशाला. मी म्हटलं राहू द्या. शिंक्याची काठी आणि वेड्याची आग काढून टाकली तर उरते काय, नुसते लाडू.

शेवटी कारल्याची बी. हे सगळ्यांना माहीत असते. सून म्हणते माहेरी जाऊ द्या, सासू म्हणते कारल्याची बी पेर गं सूनबाई, मग जा आपुल्या माहेरा. बी पेरली. मग कोंब येऊ दे. कोंब आला. वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, मग भाजी कर. काही घरांत याचाच दुसरा प्रकार आहे, मला काय पुसतेस, पूस आपल्या सासऱ्याला, सासरा म्हणते दिराला, दीर म्हणते आणखी कोणाला, अगदी सरकारी ऑफिससारखी या टेबलावरून त्या टेबलावर फाईल. पण मला बियाचाच प्रकार जास्त चलाख वाटते. कारण सासू एकदाही नाही म्हणत नाही. प्रत्येक वेळी हो आणि त्याला एक छोटीशी अट, आणि अटही अशी की सुनेच्या हातात नाही, वेल काही तिच्या घाईनं वाढत नाही.

पण म्हटलं हा किती दिवसांचा हिशोब आहे ते एकदा पाहूच. या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर गच्चीवर एका जुन्या पेंटच्या डब्यात कारल्याच्या चार बिया टोचल्या आणि कॅलेंडरवर खूण केली. आठव्या दिवशी दोन कोंब आले, टरफल डोक्यावर टोपीसारखं अडकलेलं. तारेवर वेल चढवायला सुतळी बांधली. महिन्याभरानं पिवळी फुलं आली, मी खूश, तर ती सगळी नर फुलं निघाली, गळून गेली. मादी फुलाच्या मागे आधीच बोटाच्या पेराएवढं काटेरी कारलं असते, ते दिसायला आणखी आठवडा गेला. खाण्याजोगं पहिलं कारलं हातात आलं तेव्हा मोजले तर एकोणसाठ दिवस. जून-जुलैत माहेरी जायचं म्हणणारी सून पोळ्याच्या तोंडावर येऊन पोहोचते, निंदण-खुरपणाचे सगळे दिवस सासरीच. सासूला शेतीचं कॅलेंडर पाठ होतं.

कारलं तोडून खाली आणलं आणि सासूबाईंना मोठ्या उत्साहानं हा सगळा हिशोब सांगितला, एकोणसाठ दिवस, नर फूल, मादी फूल, निंदण. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टीव्हीचा आवाज कमी केला, कारलं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "एकच हाय. अजून चार लागू दे, मग भाजी कर."